गोधडी कुणाची, दुकान कुणाचं? मिसूरी ते अलाबामा, तीन थांब्यांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्चुअली’ जरा कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज गोधडीबद्दल बोलायचंय. हसू नका. हेडफोन नीट लावा, कारण आज आपण दीड हजार किलोमीटर जाणार आहोत आणि तेही रजयांची दुकानं शोधत.

पण आधी पुण्यातली एक गोष्ट सांगतो. २०१९ मध्ये आम्ही घर बदललं. टेम्पोवाल्या दादांनी विचारलं, “फ्रीजला गुंडाळायला काही जाडजूड आहे का?” आईने माळ्यावरून दोन गोधड्या काढून दिल्या. दोन्ही आजीने शिवलेल्या, तिच्याच जुन्या नऊवारींच्या. फ्रीजला एक ओरखडासुद्धा पडला नाही. नव्या घरी सामान उतरवताना एक गोधडी टेम्पोतच राहिली. आमच्या लक्षात आलं तीन-चार दिवसांनी. फोन कुणीच केला नाही. मीही नाही. “जाऊ दे, जुनीच होती,” एवढंच बोललो आम्ही.

हे डोक्यात ठेवा. आपण परत तिथे येणार आहोत.

ट्रिप कशी ठरली

मी तेव्हा कामानिमित्त कॅन्सस सिटीला होतो. ऑफिसमध्ये शेजारी बसणाऱ्या एक काकू, म्हणजे वयाने काकू, मला त्यांच्या नावानेच हाक मारावी लागते, त्या एक दिवस म्हणाल्या की त्या ‘शॉप हॉप’ला चालल्यात. मला वाटलं काहीतरी डान्स असेल. तर झालं असं, की अमेरिकेत एका भागातली क्विल्टची दुकानं मिळून एक ठरावीक काळ जाहीर करतात. तुम्ही गाडी काढायची, एकेक दुकान गाठायचं, एका छोट्या पासपोर्टवर प्रत्येक दुकानाचा शिक्का घ्यायचा. सगळे शिक्के झाले की बक्षीस. आपल्याकडे अष्टविनायक करतात तसं, फक्त कापडासाठी.

क्विल्ट म्हणजे तीन थर. वर तुकडे जोडून केलेला ‘टॉप’, मध्ये कापसाची ‘बॅटिंग’, खाली अस्तर. तिन्ही थर धावदोऱ्याने एकमेकांत धरून ठेवायचे. आता मला सांगा, ही गोधडी नाही तर काय आहे?

मग मी आणि माझा सोलापूरचा मित्र असे दोघं निघालो. त्याचं म्हणणं होतं की जगात सोलापुरी चादर असताना बाकी कशाचीच गरज नाही. तरी आला, कारण गाडी त्याची होती.

पहिल्याच दिवशी धडा मिळाला. वाटेत एका गावातलं दुकान नकाशावर उघडं दिसत होतं, रेटिंग झकास. आम्ही मुख्य रस्ता सोडून पाऊण तास आत गेलो, तर दाराला कुलूप! रविवार होता. लहान गावातली अशी बरीच दुकानं रविवारी बंद असतात, आणि काही घराच्या मागच्या खोलीत चालतात, मालकीणबाई बाहेर गेल्या की दुकान बंद. तेव्हा नियम एक: ॲपवर विश्वास ठेवू नका, फोन करा. नियम दोन: एका दुकानात गेलात की तिथल्या बाईंनाच विचारा, “पुढे कुठे जाऊ?” त्या जे सांगतात ते कुठल्याच यादीत नसतं.

पण खरा प्रश्न वेगळाच होता. तो मला शेवटच्या थांब्यावर समजला.

थांबा पहिला: हॅमिल्टन, मिसूरी

कॅन्सस सिटीपासून सव्वा तास. वस्ती दोन हजारसुद्धा नाही. जे. सी. पेनी हे मोठ्या दुकानांच्या साखळीचं नाव ऐकलं असेल, तिचे संस्थापक जेम्स कॅश पेनी १८७५ मध्ये याच गावाजवळ जन्मले. पुढे मात्र मिसूरीतल्या कित्येक छोट्या गावांसारखंच झालं. पोरं शहरात गेली, बाजारपेठेची शटरं खाली आली.

मग २००८ ची मंदी. इथल्या डोन कुटुंबाच्या निवृत्तीच्या पुंजीला मोठा फटका बसला. आई, जेनी डोन, क्विल्ट शिवायच्या. टॉप जोडून झाला की तीन थर एकत्र टाचून देणाऱ्या मोठ्या मशीनवाल्याकडे महिनोन्‌महिने नंबर लागायचा नाही. मुलांनी विचार केला, आईला ते मशीनच घेऊन देऊ, दुसऱ्यांचंही काम करेल. त्यातून ‘मिसूरी स्टार क्विल्ट कंपनी’ उभी राहिली. गिऱ्हाईक येईना, तेव्हा मुलाने सुचवलं, आई, तू यूट्यूबवर शिकव. आणि बाई लागल्या शिकवायला. अगदी आपल्या मावशीने स्वयंपाकघरात सांगावं तसं.

आता काय आहे? गावच्या मुख्य रस्त्यावर ओळीने त्यांचीच दुकानं. एकात फक्त फुलाफुलांचं कापड, एकात लहान मुलांचं, एकात सणांचं. कंटाळलेल्या नवऱ्यांसाठी टीव्ही आणि आरामखुर्च्या ठेवलेली वेगळी खोली आहे. मित्र तिथेच सापडला मला शेवटी.

पण एक गंमत लक्षात घ्या. हा सगळा बाजार तयार क्विल्टचा नाही, कापडाचा आहे. ‘फॅट क्वार्टर’ म्हणजे साधारण १८ बाय २२ इंचांचा तुकडा. ‘जेली रोल’ म्हणजे अडीच इंच रुंदीच्या चाळीसेक पट्ट्या, जिलबीसारख्या गुंडाळलेल्या. चांगलं सुती कापड यार्डाला बारा-तेरा डॉलर. मी मोबाइलवर हिशोब केला. एका मोठ्या क्विल्टचं सामानच तीनशे डॉलरांच्या आसपास जात होतं. शिकवणं फुकट, कापड विकत. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत फ्रीमियम मॉडेल. मी नावं ठेवत नाहीये. एक मरत चाललेलं गाव यावर उभं राहिलं.

इथे मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. एका ताग्यावर लिहिलं होतं ‘चिंट्झ’. हा आपला शब्द! छीट. आजी ‘चिटाचं कापड’ म्हणायची ना, तेच. सतराव्या शतकात भारतातलं, विशेषतः कोरोमंडल किनाऱ्यावरचं, पक्क्या रंगाचं छापील कापड युरोपात गेलं आणि तिथले लोक वेडे झाले. इतके, की तिथल्या लोकर आणि रेशीमवाल्यांनी बोंब मारली. फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. इंग्लंडने १७०० मध्ये आयात रोखणारा कायदा केला आणि १७२१ मध्ये वापरावरही बंधनं आणली. साध्या सुती कापडाला ‘कॅलिको’ म्हणतात, ते कालिकतवरून.

ही छीट इतकी महाग होती, की श्रीमंत घरांतल्या बायका तिच्यातली फुलं आणि पक्षी कापून साध्या कापडावर शिवायच्या. म्हणजे क्विल्ट म्हणजे गरिबीतून, चिंध्यांतून जन्मलेली वस्तू, हे अर्धंच खरं. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या क्विल्ट बऱ्याचदा पैसेवाल्यांच्या होत्या, कारण कापडच महाग होतं. एकोणिसाव्या शतकात गिरण्या आल्या, कापड स्वस्त झालं, तेव्हा ती सर्वसामान्य घरांत शिरली.

आणि गिरण्यांना कापूस कुठून यायचा? अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया. कोण वेचायचं? गुलाम केलेली काळी माणसं. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं आणि हा कापूस अडकला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशांचा पाऊस पडला, शेअर्सचा फुगा फुगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच फुटला. शाळेत वाचलेलं आठवलं? ती दोरी इथे बांधलेली आहे.

आम्हाला त्याच कापसाच्या गावाकडे जायचं होतं.

थांबा दुसरा: पड्युका, केंटकी

हॅमिल्टनहून जवळजवळ दिवसभराचं ड्रायव्हिंग. ओहायो आणि टेनेसी नद्यांच्या संगमावरचं शहर. इथे १९९१ पासून राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय आहे, दर वसंतात भलं मोठं प्रदर्शन भरतं, आणि २०१३ मध्ये युनेस्कोने हस्तकला आणि लोककलेसाठी या शहराला आपल्या सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं.

संग्रहालयात काय बघितलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. लांबून ऑइल पेंटिंग वाटतं, जवळ गेलात की टाके दिसतात. एका इंचात किती, मोजता येत नाहीत. हात लावायचा नाही. असल्या प्रदर्शनांत पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात. तुम्ही विनंती केली की ते क्विल्टचा कोपरा हलकेच उलटून मागची बाजू दाखवतात. माझी आजीही अस्साच कोपरा उलटायची. म्हणायची, पुढून कुणीही छान शिवेल, मागून बघ.

प्रत्येक क्विल्टशेजारी पाटी. करणाऱ्याचं नाव, गाव, साल. साधी गोष्ट, पण मी पहिल्यांदा गोधडीशेजारी कुणाचं नाव लिहिलेलं बघत होतो.

इथून पुढे रस्त्याकडेला एक मजा दिसते. शेतातल्या गोठ्यांच्या भिंतींवर रंगवलेले मोठे चौकोन, क्विल्टच्या नक्षीचे. याची सुरुवात २००१ मध्ये ओहायो राज्यातल्या ॲडम्स काउंटीत झाली. डोना सू ग्रोव्ह्ज यांना क्विल्ट शिवणाऱ्या आपल्या आईसाठी गोठ्यावर एक नक्षी रंगवून घ्यायची होती. त्यातून रस्ताभर नक्ष्यांची कल्पना निघाली आणि ती देशभर पसरली. कापडाची दुकानं शोधायला हे चौकोन चांगली खूण आहेत.

आता थोडं फॅक्ट चेक. वाटेतल्या एका दुकानात आम्हाला रंगवून गोष्ट सांगितली गेली, की गुलामीतून पळणाऱ्यांना रस्ता कळावा म्हणून क्विल्टच्या नक्षीत गुप्त खुणा असायच्या. कुंपणावर अमुक नक्षी वाळत घातली की ‘तयारीला लागा’, तमुक नक्षी म्हणजे ‘आता निघा’. ऐकायला जबरदस्त! पण ही गोष्ट गाजली ती १९९९ च्या एका पुस्तकामुळे, आणि ते पुस्तक एका कुटुंबाच्या सांगण्यावर उभं आहे. इतिहासकारांना त्या काळचा पुरावा सापडलेला नाही. त्यातल्या काही नक्ष्या तर नंतरच्या काळातल्या आहेत. दुकानात कापडासोबत गोष्टही विकली जाते. गोष्ट गोड असली की आपण बिल बघत नाही.

खरी गोष्ट पुढच्या थांब्यावर होती. ती इतकी गोड नाही.

थांबा तिसरा: जीज बेंड, अलाबामा

नॅशव्हिल, बर्मिंगहॅम, सेल्मा असं करत आम्ही कॅम्डेनला पोचलो. समोर अलाबामा नदी, आणि पलीकडे नदीने तीन बाजूंनी वेढलेला जमिनीचा तुकडा. सरकारी नाव बॉयकिन, पण सगळे म्हणतात जीज बेंड. १८१६ मध्ये जोसेफ जी नावाच्या माणसाने इथे कापसाचा मळा टाकला. १८४५ मध्ये मळा मार्क पेटवे यांच्याकडे आला, आणि शंभरेक गुलामांना नॉर्थ कॅरोलायनाहून इथपर्यंत चालवत आणलं गेलं. आजही गावात अनेकांचं आडनाव पेटवे आहे. मालकाचं आडनाव.

गुलामी संपली, पण जमीन मिळाली नाही. खंडाने कसायची, बी-बियाणं उधारीवर. १९३२ मध्ये कापसाचा भाव कोसळलेला असताना उधार देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या घरच्यांनी वसुलीसाठी माणसं पाठवली. जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्य, सगळं नेलं. त्या हिवाळ्यात लोक उपासमारीच्या काठावर होते. पुढे केंद्र सरकारने जमीन घेऊन इथल्या कुटुंबांना स्वस्त कर्जावर दिली, म्हणून गाव टिकलं.

आणि थंडीत पांघरायला काय? फाटलेले शेतातले कपडे. जीनच्या पँटी, ओव्हरऑल, पिठाच्या गोण्या. जिथे खिसा होता तिथलं कापड गडद, बाकीचं उन्हाने विटलेलं. तीच नक्षी. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे नावाच्या बाईंनी नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट केली, त्याची आठवण म्हणून अंगावर घ्यायला. पुस्तकात तिचा फोटो बघितला आणि मी पान उलटायचं विसरलो.

१९६० च्या दशकात इथले लोक मतदार नोंदणीसाठी नदी ओलांडून कॅम्डेनला जाऊ लागले. १९६२ मध्ये फेरीबोट बंद झाली. नदीपलीकडचं गाव, आणि जायला साठेक किलोमीटरचा वळसा. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर इथे येऊन बोलले. फेरी परत कधी सुरू झाली माहितीये? २००६ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी. आम्ही तिनेच गेलो. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मित्र डेकवर उभा राहून म्हणाला, “एवढ्यासाठी?” नंतर तो बराच वेळ काही बोलला नाही.

आता दुकानाकडे येतो. १९६६ मध्ये इथल्या आणि शेजारच्या गावांतल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या पाद्रींनी दोरीवर वाळत घातलेल्या क्विल्ट बघितल्या होत्या, त्यांनी त्या न्यूयॉर्कला लिलावात नेल्या. संस्थेचा कारभार एस्टेल विदरस्पून यांनी सांभाळला. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून ज्यांना घराबाहेर काढलं होतं, अशा काही कुटुंबांना संस्थेने आपल्या जमिनीतली जागा विकली. शिवणकामातून आलेल्या पैशांनी हे झालं! १९७२ मध्ये सीअर्स या बड्या कंपनीचं कॉर्डरॉयच्या अभ्र्यांचं काम मिळालं. काम सगळं एकसारखं, मापात. पण उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या बायका घरी न्यायच्या आणि मग स्वतःच्या मनाने शिवायच्या. त्याच आज संग्रहालयांत आहेत. ही संस्था २०१२ मध्ये बंद झाली.

मधल्या काळात गावात जुन्या क्विल्टचं काय व्हायचं? फाटल्या की जाळायच्या. कापसाच्या धुराने डास जातात. १९९० च्या दशकाच्या शेवटी विल्यम आर्नेट या संग्राहकांनी पुस्तकातल्या एका फोटोत अॅनी मे यंग यांची क्विल्ट पाहिली. ती सरपणाच्या ढिगावर टाकलेली होती. ते शोधत आले आणि विकत घेऊन गेले. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शन झालं. रांगा लागल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने दहा तिकिटं काढली. या नक्ष्या गालिचांवर, वस्तूंवर छापून विकल्या जाऊ लागल्या.

आणि २००७ मध्ये गावातल्या काही बायका कोर्टात गेल्या. अॅनी मे यंगसुद्धा. त्यांचं म्हणणं, आमच्या क्विल्टवर आणि नक्ष्यांवर पैसे झाले, आम्हाला आमचा वाटा मिळाला नाही. समोरच्यांनी आरोप नाकारले, पुढच्या वर्षी समझोता झाला. आर्नेट नसते तर जगाला जीज बेंड कळलंच नसतं, असं म्हणणारेही गावात आहेत. दोन्ही बाजू ऐकून मला एवढंच कळलं, की वस्तू सरपणावरून संग्रहालयात जायला दहा वर्षंही लागली नाहीत, पण पैसा त्याच रस्त्याने शिवणाऱ्या हातापर्यंत यायला फार वेळ लागला. २०२१ मध्ये काही जणींनी एट्सीवर स्वतःची ऑनलाइन दुकानं उघडली. म्हणजे फोनवर तुम्ही थेट शिवणाऱ्या बाईंकडून घेऊ शकता. मोठ्या क्विल्टची किंमत हजारो डॉलर असते.

गावात आम्ही ज्या बाईंकडे गेलो, त्यांनी टेबलावर आपलं काम पसरून ठेवलं होतं. मोठी क्विल्ट मला परवडणारी नव्हती. उशीच्या अभ्र्याएवढा एक तुकडा घेतला. मी विचारलं, कापड कशाचं? म्हणाल्या, हा भावाचा शर्ट, ही माझी जुनी पँट. मी सवयीने कोपरा उलटून मागची बाजू बघितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “तुला कुणीतरी शिकवलंय.”

मी म्हटलं, आजीने. मग त्यांनी विचारलं, “तिच्या क्विल्ट कोणाकडे आहेत?”

मंडळी, मी ‘घरी’ असं म्हणालो. एक घरी आहे. दुसरी कुठे आहे, मला माहीत नाही.

तर, कुठलं दुकान बघण्यासारखं?

तीनही. हॅमिल्टनला जा, शिवायला शिकायचं असेल तर. पड्युकाला जा, हात कुठवर पोचू शकतो ते बघायला. आणि जीज बेंडला जा, किंमत कशाला म्हणतात ते कळायला. पण कुठल्याही दुकानात शिरलात, की एक प्रश्न नक्की विचारा: हे कोणी शिवलं? नाव सांगता आलं, तर तिथे थांबा. ‘आमच्याकडे बायका आहेत, त्या करतात’ असं उत्तर आलं, तर पैसे कुठे जातात त्याचा अंदाज येतो. आपल्याकडे हायवेला ‘पारंपरिक गोधडी’ अशी पाटी दिसते ना, तिथेही हाच प्रश्न विचारा. घासाघीस करायच्या आधी.

परत आल्यावर मी आईला उरलेली गोधडी माळ्यावरून काढायला लावली. व्हिडिओ कॉलवर आम्ही एकेक ठिगळ बघितलं. हिरवं काठाचं, ते आजीच्या लग्नातलं लुगडं. निळं, आजोबांचा गिरणीतला शर्ट. पिवळं छिटाचं, माझी कुंची. आईला सगळं पाठ होतं. मला त्यातलं एकही माहीत नव्हतं. मी ते लिहून घेतलं, आणि आईने गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने आजीचं नाव घातलं.

तुमच्या घरी असेल तर आजच काढा. धूळ झटका, उन्हात टाका, आणि ज्यांना ठिगळं पाठ आहेत त्यांना विचारा. ते आहेत तोवर.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, मित्राने शेवटी एक फॅट क्वार्टर घेतलाच. सोलापुरात कुणाला सांगू नका.